धूर कुठून सोडायचा?

गेल्या आषाढात कुळागरातून, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेतून, परतताना ओढ्यात काहीतरी खडखडलं आणि आमचा पिकअप एकाएकी मोठ्याने बोलायला लागला. उतरून पाहतो तर सायलेन्सर गुडघाभर पाण्यात आडवा पडलेला. दगडाला दोष द्यावा तर दगड बिचारा जागेवरच होता. ज्या पट्टीला सायलेन्सर टांगलेला असतो ती पट्टी बोटाने दाबली तरी पापडासारखी मोडत होती. आमच्याकडे लोखंडाला आयुष्यच कमी. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम.

सायलेन्सर हौद्यात टाकला आणि तसाच साखळीच्या बाजारातून घरी आलो. खाणीचे टिप्पर पुन्हा जोरात सुरू झाले की काय, म्हणून दोन दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. एका म्हाताऱ्याने लिफ्टसाठी हात केला होता, तो त्याने मागे घेतला. आणि खरं सांगायचं तर तो आवाज मला आवडला. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. पुढचे दोन महिने जे काही झालं ते त्या न सांगण्यामुळे झालं.

आमच्या मेकॅनिकने, मेस्ताने, गाडीखाली डोकं घातलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘‘पात्रांव, हांव वेल्ड करून दितां.’’ म्हणजे, मालक, मी वेल्ड करून देतो. पाचशे रुपयांचं काम. शहाणा माणूस तिथेच हो म्हणाला असता. मी म्हणालो, ‘‘नको. आता नवीनच करू. स्टेनलेसमध्ये. आपल्या मापाचं.’’ मेस्ताने माझ्याकडे, मुलाला इंजिनिअरिंगला घालतो म्हणणाऱ्या बापाकडे पाहावं तसं पाहिलं. ‘‘फाल्यां पळोवया,’’ म्हणाला. गोव्यातला फाल्यां म्हणजे उद्या, पण कॅलेंडरवरचा नव्हे.

आधी नळीची जाडी ठरवायची होती. कंपनीची नळी सव्वादोन-अडीच इंची. मला तीन इंची हवी होती. अर्धा इंचच तर फरक, असं वाटतं. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे अडीचची तीन केली की धुराला ४४ टक्के जास्त वाट मिळते. शाळेत आठवीत शिकलेलं सूत्र पहिल्यांदाच कामाला आलं म्हणून मी जेवताना ते मोठ्याने सांगितलं.

बायको म्हणाली, ‘‘अहो, मग डिझेल ४४ टक्के कमी लागेल का?’’

नाही. टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, गाडीत टर्बोच्या पुढची वाट जितकी मोकळी तितकं बरं, हे खरं; पण इंजिनात किती डिझेल सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि त्याला आमच्या नळीचं कौतुक नसतं. हे मी तिला सांगितलं नाही. आमटी वाढून घेतली.

मग धातू. ३०४ नंबरचं स्टेनलेस गंजत नाही असं सगळे सांगतात, आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही ही त्याची खूण. मी फ्रीजवरचा मासोळीचा चुंबक खिशात घालून म्हापशाला गेलो आणि दुकानातल्या प्रत्येक नळीला मासोळी लावत फिरलो. चिकटली नाही. विजयी मुद्रेने पैसे काढणार तोच दुकानदाराने मायेने सांगितलं की जिन्याच्या रेलिंगला वापरतात त्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही, पण ते आपल्या हवेत टिकणार नाही. मग मला कळणार कसं? ‘‘माझ्यावर विश्वास ठेवा,’’ म्हणाला. ठेवला. मासोळी परत खिशात.

नळी वाकवायची हा तर वेगळाच पेच. साध्या यंत्रात वाकवली की वाकाच्या जागी ती चेपते, आणि आपण इतक्या प्रेमाने मिळवलेले ४४ टक्के त्या चेपातच अडकतात. न चेपता वाकवणारं यंत्र आमच्या बाजूला कोणाकडे सापडलं नाही. दुसरा मार्ग म्हणजे नळीचे तिरके काप करायचे आणि ते एकाला एक जोडत वळण घ्यायचं. वेल्डरने टेबलावर काप मांडून दाखवले, तेव्हा अगदी इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे. जोडायला आर्गन वायू हवा, आणि नळीच्या आतही आर्गन भरायचा. नाहीतर आतली बाजू जळून साखरेसारखी खरखरीत होते. एका वळणाला सात काप, वळणं पाच. हिशेब मी मनातच केला आणि मनातच ठेवला.

खरी कसोटी गाडीखाली होती. तिथे उताणं पडून पाहिल्याशिवाय कळत नाही की पिकअपच्या पोटात रिकामी जागा नावाची गोष्टच नाही. डावीकडे डिझेलची टाकी, तीही प्लास्टिकची, म्हणजे तिच्याजवळून तापलेली नळी नेणं म्हणजे स्वतःच्या बाराव्याची तयारी. मधे मागच्या चाकांना जोर पोचवणारा, फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या शेजारी हँडब्रेकची वायर. मागे अ‍ॅक्सल, जो खड्ड्यात गाडी बसली की वीतभर वर येतो. त्याच्याही मागे, हौद्याखाली टांगलेला स्पेअर टायर. मी तीन इंची पीव्हीसी पाइप, एल्बो आणि पुठ्ठे घेऊन पडवीसमोर गाडीखाली शिरायचो. बाबा पडवीत बसून पाय मोजायचे. ‘‘दोन्ही दिसतायत अजून,’’ असं आईला आत ओरडून सांगायचे.

धूर बाजूने, मागच्या चाकाच्या अलीकडेच सोडावा, असं आधी वाटलं. नळी कमी, ओढ्यातून वर चढताना गाडीचं बूड टेकलं तरी काही मोडणार नाही. पण मग धूर थेट बायकोच्या खिडकीखाली. हा पर्याय चर्चेला न घेताच फेटाळला गेला. मग नळी केबिनच्या मागून उभी वर न्यावी, ट्रकसारखी. पाण्याची भीतीच नको. बाबा चित्र पाहून म्हणाले, ‘‘काजूची भट्टी लावतोयस का? एक्साइजवाले येतील.’’ शिवाय उभ्या नळीत पाऊस शिरतो, तर वर झाकण हवं, आणि पोफळीची झावळ अडकली तर झाकणासकट नळी कुळागरातच राहणार. ओढ्याची भीतीही जरा अवास्तवच निघाली. इंजिन चालू असेतो धुराचा जोर पाणी आत येऊ देत नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर मात्र गोष्ट वेगळी, पण तेव्हा सायलेन्सरची काळजी करायला मी बॉनेटवर उभा असणार.

आवाजाचा विषय मी शेवटपर्यंत टाळत होतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला ६० स्फोट होतात, आणि मोकळ्या मोठ्या नळीत त्याचा असा घुमारा होतो की चोर्ला घाट संपेपर्यंत डोक्यात भुंगा. त्यावर उपाय एकच, मोठा सायलेन्सर. म्हणजे ज्या आवाजासाठी हा खटाटोप, तोच घालवायला जास्त पैसे. तरीही मी ‘थोडा ठेवू’ म्हणत होतो. तेवढ्यात पणजीत वकिली करणारा मेहुणा जेवायला आला.

‘‘भावोजी, मोटार वाहन कायदा, कलम १९०,’’ त्याने सोलकढी पीत सांगितलं. ‘‘दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. वर तीन महिने लायसन्स बाद.’’ धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विचारही करू नका, हे त्याने दुसऱ्या वाटीला सांगितलं. बायकोने त्याला तिसरी वाटी न मागता वाढली.

शेवटी नळी तापली की लांबते, तीन मीटरचं स्टेनलेस तीनशे अंशांनी तापलं तर जवळजवळ दीड सेंटिमीटर, हेही नकाशात धरलं. म्हणजे चॅसीला वेल्ड करायची नाही, रबरावर टांगायची, आणि टर्बोनंतर एक लवचिक तुकडा. टाकी टाळली, शाफ्ट टाळला, अ‍ॅक्सलवरून कमान घेतली, स्पेअर टायरच्या उजवीकडून मागे काढली. तीन इंची नळी अ‍ॅक्सलवर मावेना, म्हणून अडीच केली. घुमारा नको म्हणून सायलेन्सर मोठा. गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी पक्का नकाशा घेऊन मेस्ताकडे गेलो.

त्याने कागद सरळ धरला, उलटा धरला, मग गाडीखाली वाकून एकदा पाहिलं.

‘‘हें कंपनीचेंच न्हय?’’

मी कागद परत घेऊन पाहिला. वळणं पाच. उजवीकडून मागे. अडीच इंच. फक्त माझ्याकडे प्रत्येक वळणाला बाण होते.

‘‘आवाज जाय काय गाडी जाय?’’ त्याने विचारलं. जाय म्हणजे हवं. पट्टी नवी टाकली, फुटलेला जोड वेल्ड केला. आठशे घेतले, वाट पाहायला लावल्याचे तीनशे, असं त्याचं म्हणणं.

घरी आलो तर पाऊस कोसळत होता आणि माझं पीव्हीसीचं सगळं सामान गाडीखालून नाहीसं झालेलं. बाबांनी ते पडवीच्या पागोळीला तारेने बांधलं होतं, पाचही वळणांसकट, आणि पाणी धो धो पिंपात पडत होतं.

‘‘तीन इंचीच बरी,’’ पिंपाकडे बघत ते म्हणाले. ‘‘अडीचची तुंबली असती.’’