मॅडम, ॲक्युरसी शंभर आली

मशीन लर्निंग (कॉम्प्युटरला डेटा दाखवून अंदाज करायला शिकवणं) माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगते. जूनमधे आमच्या कॉलेजमधे लोड डिस्ट्रिब्युशनची, म्हणजे कुणी कोणता विषय शिकवायचा त्याची, मीटिंग असते, त्या दिवशी मी मुलाच्या शाळेत फी भरायला गेले होते, आणि जो मीटिंगला नाही त्याच्या नावावर उरलेला विषय लागतो हा अलिखित नियम आहे. आधी शिकवणारे सर पुण्याला कंपनीत गेले. मी दहा वर्षं डीबीएमएस (डेटाबेस) आणि सी शिकवणारी बाई, मला जॉइन्स विचारा, पॉइंटर विचारा, झोपेत सांगीन. एचओडी सर म्हणाले, "सोपं आहे हो मॅडम, पायथनच तर आहे." हे ते आदल्या वर्षी ब्लॉकचेनबद्दल पण म्हणाले होते.

तर पहिलं वर्षभर मी मुलांच्या बरोब्बर एक युनिट पुढे होते. कधीकधी अर्धं. रात्री कुकर लावून ओट्यावरच लॅपटॉप उघडायचा, व्हिडिओ दीडच्या स्पीडने बघायचा आणि सकाळी साडेनऊला तेच असं सांगायचं की जणू बाईंच्या घराण्यातच तीन पिढ्या हे चालत आलंय.

पहिल्या लेक्चरला बहात्तरच्या बहात्तर हजर. सगळ्यांना चॅटजीपीटी बनवायचं होतं, तेही डिसेंबरच्या आत, कारण प्लेसमेंट. मी फळ्यावर मॅट्रिक्स काढला आणि त्याचा ट्रान्सपोज काढला. मागून एक बारीक आवाज आला, "मॅडम, हे एम-थ्रीवालं आहे का?" एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर; त्यात ज्यांच्या केट्या, म्हणजे नापास राहिलेले पेपर, अजून निघालेल्या नाहीत त्यांच्या चेहऱ्यावर जुनं दुखणं उमटलं. तिसऱ्या लेक्चरला एकतीस होते. त्यातले चार चुकून आले होते, त्यांचं खरं लेक्चर शेजारच्या वर्गात होतं.

ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे मॉडेलची (अंदाज करणाऱ्या प्रोग्रामची) चूक थोडीथोडी कमी करत नेणं, ते शिकवताना मी ट्रेकचं उदाहरण घेतलं, आमच्या भागात पावसाळ्यात पोरं लेक्चरपेक्षा जास्त वेळ किल्ल्यांवर असतात म्हणून. म्हटलं, समजा ब्रह्मगिरीवर धुकं आहे, दोन हातांपलीकडचं दिसत नाही, तर पायाने चाचपून जिकडे उतार लागतो तिकडे एक पाऊल टाकायचं, परत चाचपायचं, परत पाऊल. पाऊल केवढं टाकायचं तो लर्निंग रेट. "आणि मोठं टाकलं तर?" मी विचारलं. "मॅडम, हरिहरच्या पायऱ्यांवर मोठं टाकलं तर डायरेक्ट कन्व्हर्ज." कन्व्हर्ज म्हणजे तळाशी येऊन स्थिरावणं, त्यामुळे हे उत्तर चुकीचं होतं पण मला पुढे काही बोलता येईना. लोकल मिनिमा मात्र त्यांना लगेच कळला: खाली गावात पोचायचं होतं, मधेच एका सपाटीवर टपरी दिसली, मिसळ मागवली आणि वाटलं आलो.

खरी मजा प्रॅक्टिकलला. आमच्या यादीत पहिलंच प्रॅक्टिकल उबरच्या भाड्याचं, न्यूयॉर्कच्या दोन लाख ट्रिप, कुठून बसले कुठे उतरले आणि भाडं किती झालं ते सांगायचं. आता आमच्या पोरांनी आयुष्यात मीटरने रिक्षा केलेली नाही, सगळं शेअर, सीटवर वीस रुपये. पण डेटा बघून एकीने हात वर केला, "मॅडम, इथे भाडं मायनसमधे आहे. म्हणजे ड्रायव्हरने पॅसेंजरला पैसे दिले?" दुसऱ्याने नकाशा काढून दाखवला की काही गाड्यांचं पिकअप शून्य अक्षांश शून्य रेखांशावर आहे, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात. मला इतका आनंद झाला ना! म्हटलं, शाब्बास, हाच घाण डेटा, हाच तर साफ करायचा असतो. अर्ध्या तासाने बघते तर त्या बॅचच्या सगळ्या जर्नलमधे ऑब्झर्वेशन म्हणून लिहिलेलं, 'समुद्रातून प्रवास केल्यास भाडे बदलते.'

आणि कॉपी पकडायची तरी कशी? पूर्वी सी मधे दोन पोरांचं व्हेरिएबलचं नाव सारखं निघालं की मी पकडायचे. इथे रँडम स्टेट (शिकवायचा डेटा आणि तपासायचा डेटा चिठ्ठ्या टाकल्यासारखा वेगळा करतानाचा सुरुवातीचा आकडा) 42 टाकलं की डेटाची फोड सगळ्यांची सारखीच होते, म्हणजे उत्तरं दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत सारखी येणारच, प्रामाणिकपणे केलं तरी. मी विचारायचे, "42 च का?" बहुतेकांचं उत्तर, "मॅडम, तुमच्या पीडीएफमधे होतं." एकाने 17 टाकलेलं. मला वाटलं चला, कुणीतरी विचार केला. तो म्हणाला, "42 तर मयूरचा रोल नंबर आहे ना मॅडम, माझा 17 आहे."

केएनएन (के-निअरेस्ट नेबर्स, म्हणजे सगळ्यात जवळचे 'के' इतके शेजारी बघून उत्तर ठरवणं) हे माझं सगळ्यात लाडकं, कारण ते मी लग्नाच्या स्थळावरून शिकवते. स्थळ आलं की आपण काय करतो, शेजारीपाजारी चौकशी करतो. के बरोबर एक म्हणजे एकाच शेजाऱ्याला विचारलं, आणि त्याचं त्यांच्याशी पार्किंगवरून भांडण असेल तर मुलगा गेला कामातून. तीन जणांना विचारा, पाच जणांना विचारा, विषम आकडा घ्या म्हणजे मतं सारखी पडून अडायला नको. पण म्हणून अख्ख्या गावाला विचारत सुटलात तर प्रत्येक स्थळाबद्दल एकच उत्तर येणार, जे गावातल्या बहुमताचं असेल ते. हे लेक्चर चालू असताना मागच्या बाकावरची मुलं पण पुढे बघत होती, दहा वर्षांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला डायबिटीसचा डेटा. 768 बायका, वय, वजन, साखर, बीपी वगैरे आठ रकाने, आणि शेवटी डायबिटीस आहे की नाही. त्यात पस्तीस बायकांचं बीपी शून्य लिहिलंय. शून्य! म्हणजे मोजलं नसेल तिथे शून्य टाकून मोकळे झाले. मी म्हटलं, बीपी शून्य म्हणजे काय होतं? तर एक शांतपणे म्हणाला, "मॅडम, मग डायबिटीसचं टेन्शनच नाही."

तेवढ्यात एक ग्रुप आला, चेहरे फुललेले. "मॅडम, पासष्ट टक्के. फर्स्ट क्लास." म्हणजे शंभरातली पासष्ट उत्तरं बरोबर, यालाच ॲक्युरसी म्हणतात. मी कन्फ्युजन मॅट्रिक्स, म्हणजे मॉडेल काय म्हणालं आणि खरं काय होतं त्याचा तक्ता, मागितला. बघते तर एका बाजूचा कॉलम अख्खा रिकामा. यांचं मॉडेल कुणालाच डायबिटीस नाही म्हणत होतं! 768 पैकी 500 जणींना नाहीच आहे, तेव्हा डोळे मिटून सगळ्यांना "तुम्ही ठणठणीत, लाडू खा" म्हटलं तरी पासष्ट टक्के येतातच. उरलेल्या 268 जणींचं काय हे मी विचारलं तर ग्रुप लीडर म्हणाला, "मॅडम, पस्तीस टक्के तर ऑप्शनला टाकायलाच लागतात."

आणि मग तो आला. नाव सांगत नाही, सध्या चांगल्या नोकरीत आहे. धावत आला, "मॅडम, ॲक्युरसी शंभर आली!" पूर्ण लॅब त्याच्या मशीनभोवती जमली, लॅब असिस्टंट काका पण उठून आले, ते सहसा फक्त लाइट गेल्यावर उठतात. मी कोड बघितला. के बरोबर एक, आणि ज्या डेटावर शिकवलं त्याच्यावरच तपासलं. म्हणजे प्रत्येक बाईचा सगळ्यात जवळचा शेजारी कोण, तर ती स्वतः. मी म्हटलं, "अरे, तू मुलाची चौकशी मुलालाच विचारून केलीस." तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "पण मॅडम, शंभर आली ना?" जर्नलला शंभरच लिहिलंय त्याने, पेनने, दोनदा अधोरेखित.

मिनी प्रोजेक्टला मी म्हटलं, बाबांनो, टायटॅनिक पुरे. ते जहाज 1912 मधे बुडालं, आमच्या कॉलेजमधे दर सेमिस्टरला बुडतं. आपल्या आजूबाजूचं काहीतरी घ्या. तर एक चौघांचा ग्रुप कांद्याचा भाव घेऊन आला. त्यातला एक निफाड तालुक्यातला, घरचा कांदा. लासलगावच्या मार्केटचे रोजचे भाव सरकारी साइटवर मिळतात, किमान, कमाल आणि सरासरी, क्विंटलवर. त्याने पाच वर्षांचे उतरवून घेतले. म्हणाला, "पप्पा म्हणाले, तुझ्या कॉम्प्युटरला विचार साठवलेल्या कांद्याची चाळ कधी फोडायची. तेवढं सांगितलं तरी फी वसूल."

पहिल्या डेमोला मॉडेल म्हणालं की दिवाळीत कांदा फुकट. ग्राफ बघा, दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला भाव सरळ जमिनीवर. आता दिवाळीत मार्केट आठ-दहा दिवस बंद असतं हे या पोराला माहीत नसेल? लहानपणापासून त्या मार्केटमधे ट्रॅक्टरवर बसून गेलेला पोरगा. पण लॅपटॉप उघडला की घरचं सगळं विसरायचं असा काहीतरी समज असतो. रिकाम्या दिवशी शून्य भरून मोकळा. परवाच मी बीपीच्या शून्यावरून अर्धा तास ओरडले होते, हा पहिल्या बाकावर होता.

ते निस्तरलं, तर दुसऱ्या डेमोला अठ्ठ्याण्णव टक्के. आता मी शहाणी झाले होते. म्हटलं, ट्रेन आणि टेस्ट, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा डेटा, कसा वेगळा केला? रँडम, 42. म्हणजे सोमवारचा भाव माहितीये, बुधवारचा माहितीये, मंगळवारचा ओळखा. हे माझ्या सासूबाई पण सांगतील, आणि त्या तर कांदा खात नाहीत चातुर्मासात. तारखेने तोडा म्हटलं, नोव्हेंबर 2023 पर्यंत शिकवा आणि पुढचं ओळखायला लावा.

एक आठवडा गायब. मग चौघं आले, मेलेल्या चेहऱ्याने. मॉडेल नोव्हेंबरपर्यंत बरोबर चालतंय, डिसेंबरात म्हणतंय भाव चांगलाच राहणार, आणि खरा भाव धाडकन खाली. मी कोड बघायला लागले, फीचर (मॉडेलला दिलेले रकाने) बघितले, स्केलिंग बघितलं, पाऊण तास. तो पोरगा गप्प उभा. शेवटी म्हणाला, "मॅडम, कोडमधे नाहीये ते. आठ डिसेंबरला निर्यातबंदी आली होती. त्या दिवशी लिलाव पण बंद पाडले होते आमच्याकडे. पप्पांनी ट्रॅक्टर भरून परत आणला." 2024 च्या मे पर्यंत होती ती बंदी. मला बातमी म्हणून माहीत होतं हो, पण मी त्या रकान्यात ते शोधत नव्हते.

मग मी त्यांना म्हटलं, सगळ्यात अडाणी मॉडेल करून बघा, उद्याचा भाव आजच्याइतकाच. केलं. रँडम फॉरेस्ट नावाचं भारी मॉडेल हरलं, त्याहून भारी एलएसटीएम हरलं (ज्याला लॅबच्या मशीनवर सव्वातीन तास लागले होते आणि काकांनी साडेपाचला मेन स्विच बंद केला होता), अडाणी जिंकलं. पोरं रडवेली. "मॅडम, हे रिपोर्टमधे कसं लिहायचं? चाळीस पानं करायचीयेत."

ओरलला एक्स्टर्नल आले दुसऱ्या कॉलेजचे, सज्जन गृहस्थ, सकाळपासून साठ पोरं ऐकून थकलेले, समोर गार झालेली कचोरी. प्रत्येकाला विचारत होते, ओव्हरफिटिंग म्हणजे काय (मॉडेल शिकवलेलं पाठ करतं आणि नवीन आलं की अडतं, ते). प्रत्येक जण धडाधड तेच वाक्य, त्याच स्वल्पविरामासकट, माझ्या पीडीएफमधलं, त्यातल्या टायपिंगच्या चुकीसकट. शेवटी त्यांनी कंटाळून एकाला उलटं विचारलं, "ट्रेनिंगला नव्व्याण्णव टक्के आले आणि टेस्टला साठच, तर काय झालं असेल?" पोरगं घाबरलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणालं, "सर, हे सिलॅबसमधे नाहीये."

मग निफाडवाला आला. सरांनी रिपोर्ट चाळला, चाळीस पानं, वजनदार. "बरं, मॉडेल राहू दे. सांग, उद्या कांद्याला काय भाव मिळेल?"

"आजचाच, सर."

"आणि परवा?"

"तोच. दिल्लीहून काही आलं नाही तर."

सर पहिल्यांदा हसले. मार्क किती दिले ते मला दाखवलं नाही, पण कचोरी संपवली. बिल-बिल सह्या करून निघताना जिन्यात थांबले आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, त्या मुलाला विचारा ना, वीस किलो मिळेल का घरी न्यायला. कालच्या भावाने."