अश्वशक्तीचा आकडा आणि बर्फावरचा वेग: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे इंजिनाने फिरणारा रबरी पट्टा (ट्रॅक) असलेले बर्फावरचे वाहन, याविषयी एक दावा बराच काळ एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे आणि दर हिवाळ्यात नव्या जोमाने फिरू लागतो. त्याचा आशय असा: स्नोमोबाईल किती पळेल हे केवळ अश्वशक्तीवर ठरते, आणि अश्वशक्ती दुप्पट केली की वेगही दुप्पट होतो; जास्त अश्वशक्ती हवी असेल तर जास्त सीसीचे इंजिन घ्यावे; टू-स्ट्रोक इंजिन कालबाह्य झाले असून कंपन्या ते केवळ स्वस्त पडते म्हणून टिकवून आहेत; उंच डोंगरावर सगळीच यंत्रे सारखी मंदावतात आणि त्यावर टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र, हा एकच उपाय आहे; आणि वायुगतिकी हा शर्यतीच्या मोटारींचा विषय आहे, बर्फाच्या घर्षणापुढे हवेचा रोध मोजण्यासारखा नसतो. या पाचही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याला पटतात. परंतु त्यांच्या भरवशावर यंत्र निवडणारा माणूस चुकीच्या यंत्रावर पैसे घालतो, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे मला आवश्यक वाटते.

वेग अश्वशक्तीच्या प्रमाणात वाढतो, हे पहिले विधान इतिहासानेच खोडून काढले आहे. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वालकूर येथे स्की-डू ही स्नोमोबाईल बाजारात आणली, तेव्हा तिला ७ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि तिचा कमाल वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर होता. आज त्याच नावाच्या यंत्रांत १६५ अश्वशक्तीचे इंजिन मिळते, म्हणजे शक्ती साडेतेवीस पटींहून अधिक झाली. दावा खरा असता तर आजचे यंत्र ताशी ९४० किलोमीटर, म्हणजे प्रवासी विमानाच्या वेगाने धावले असते. तसे होत नाही, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती मोजावी लागते; उलट शक्ती दुप्पट केली आणि बाकी काहीही बदलले नाही, तर हवेच्या हिशेबाने वेग सुमारे २६ टक्केच वाढतो.

येथेच पाचव्या विधानाचा, म्हणजे वायुगतिकी निरुपयोगी असल्याच्या विधानाचा, मोठा भाग निकालात निघतो, म्हणून क्रम मोडून तो आत्ताच पाहू. चालक बसलेल्या स्नोमोबाईलचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि तिचा रोधगुणांक (आकारामुळे हवा किती अडते ते सांगणारा आकडा) यांचा गुणाकार ०.७ चौरस मीटर धरू. हे केवळ गणितासाठी घेतलेले गृहीत आहे. उणे २० अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.४ किलोग्रॅम असते. या आकड्यांनी ताशी ४० किलोमीटरला हवेसाठी १ अश्वशक्तीही लागत नाही, ८० ला सुमारे ७ लागतात, १६० ला ५८, आणि ताशी २०० किलोमीटरला ११३. म्हणजे जुन्या संथ यंत्रांपुरते बोलायचे तर हवा नगण्य असल्याचे म्हणणे बरोबर होते. गोठलेल्या सरोवरावर किंवा दाबून घट्ट केलेल्या वाटेवर धावणाऱ्या आजच्या यंत्रांना ते लागू पडत नाही. ताशी १६० किलोमीटरला रोध १० टक्क्यांनी घटवला, तर ट्रॅकपर्यंत पोहोचलेल्या शक्तीतून सुमारे ६ अश्वशक्ती वाचतात, आणि इंजिनापासून ट्रॅकपर्यंतच्या वाटेत बरीच गळती होत असल्यामुळे तेवढ्या मिळवायला इंजिनातून त्याहून पुष्कळ जास्त काढाव्या लागल्या असत्या. ही बचत बुटकी विंडशील्ड आणि तिच्यामागे वाकून बसलेला चालक यांतूनही साधते. चालकाचे शरीर हा या वाहनाच्या वायुगतिकीचा सर्वांत मोठा भाग आहे, कारण मोटारीतल्या माणसासारखा तो कवचाच्या आत नसतो. त्याचे खांदे, कोपर आणि बाहेर आलेले गुडघे थेट वाऱ्यात असतात.

जास्त सीसी म्हणजे जास्त अश्वशक्ती, हे दुसरे विधान एकाच कंपनीची इंजिने शेजारी ठेवली तरी टिकत नाही. स्की-डूची इंजिने बनवणाऱ्या रोटॅक्सचे ८९९ सीसीचे तीन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन टर्बोशिवाय सुमारे ९० अश्वशक्ती देते, टर्बोसह १५०, आणि त्याच्या अधिक जोरकस आवृत्तीत १८०. त्याच कंपनीचे ८४९ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आकाराने लहान इंजिन, टर्बोशिवायच १६५ अश्वशक्ती देते. शक्ती ठरते ती एका मिनिटात किती हवा आत जाते, तिच्यात किती इंधन नीट जळते आणि जळण्याचे झटके किती वेळा बसतात यांवरून. सिलिंडरचे घनमाप हा त्या हिशेबातला केवळ एक गुणक आहे.

टू-स्ट्रोक कालबाह्य आहे, हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात एका सुंदर अभियांत्रिकी रचनेवर अन्याय होतो. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत होते. त्यामुळे त्याच घनमापातून जास्त शक्ती मिळते, आणि व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट व त्यांची साखळी यांचे वजनही नसते. शक्ती नेमकी दुप्पट मात्र होत नाही, कारण जळालेला वायू बाहेर जाणे आणि ताजा आत येणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात आणि ताज्या भरणीचा, म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाचा, काही भाग तसाच एक्झॉस्टमधून निसटतो. या निसटण्यावरचा उपाय म्हणजे टू-स्ट्रोकचा तो फुगीर पोटाचा एक्झॉस्ट पाइप. सिलिंडरच्या भिंतीतले धूर सोडणारे छिद्र, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, उघडताच दाबाची लाट पाइपमध्ये धावते. पाइप रुंद होत जातो तेथून कमी दाबाची लाट परतते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. पुढे पाइप निमुळता होतो तेथून जास्त दाबाची लाट परतते आणि निसटलेली ताजी भरणी पोर्ट बंद होण्याआधी पुन्हा आत ढकलते. एकही हलता भाग नसलेला हा पंप आहे.

पण तो ठरावीक फेऱ्यांवरच नीट चालतो. लाटेला जाऊन परत यायला लागणारा वेळ आणि पोर्ट उघडे राहण्याचा वेळ जुळले तरच लाभ होतो, आणि लाटेचा वेग पाइपमधल्या वायूच्या तापमानाबरोबर बदलतो; म्हणूनच थंड पाइपवर इंजिन पूर्ण जोर दाखवत नाही आणि पाइप तापल्यावर तेच इंजिन वेगळे भासते. कमी फेऱ्यांवरचा दुबळेपणा भरून काढण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणारे पॉवर व्हॉल्व्ह आले. इंधनाच्या नासाडीची आणि धुराची जुनी तक्रार खरी होती, पण स्की-डूच्या २००९ च्या मॉडेलांपासून ६०० सीसीच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाऊ लागले. ते उशिरा सोडता येत असल्यामुळे पोर्टमधून निसटते ती मुख्यतः नुसती हवा. ज्या तंत्राला कालबाह्य म्हटले जाते त्यात गेल्या दोन दशकांत इतके बदल झाले आहेत, हे दावा करणाऱ्यांच्या गावी नसते.

याच ठिकाणी फोर-स्ट्रोकच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, मुद्दा काढला जातो: टॉर्क जास्त, म्हणून चढावर तेच इंजिन श्रेष्ठ. मोटारीच्या बाबतीत या बोलण्याला अर्थ आहे, कारण मोटारीचे गिअर ठरलेले असतात. स्नोमोबाईलमध्ये दोन क्लच आणि त्यांच्यामधला रबरी बेल्ट असतो. फेऱ्या वाढल्या की पुढच्या क्लचमधली वजने बाहेर झुकतात, त्याच्या तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि मागच्या क्लचच्या तबकड्या तेवढ्याच फाकतात. गुणोत्तर सतत बदलत राहते आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर, टू-स्ट्रोकमध्ये मिनिटाला सुमारे ८,००० वर, खिळून राहते. म्हणून पूर्ण जोरात जाताना ट्रॅकवर पोहोचणारा जोर कमाल टॉर्कवर ठरत नाही. तो त्या फेऱ्यांवर इंजिन देत असलेली शक्ती भागिले वेग इतका असतो, अर्थात वाटेतली गळती वजा जाता. वजने हलकी पडली तर इंजिन त्या टप्प्याच्या वर जाते, जड पडली तर खाली अडकते, आणि दोन्ही वेळा कागदावरची अश्वशक्ती कागदावरच राहते. चुकीच्या क्लचसह १६५ अश्वशक्ती बाळगण्यापेक्षा नीट जुळवलेल्या क्लचसह १५० बाळगणे मी केव्हाही पसंत करीन. फोर-स्ट्रोकची जागा त्यामुळे कमी होत नाही: लांब पल्ल्याचा प्रवास, कमी इंधन, सौम्य आवाज आणि अर्ध्या थ्रॉटलवरची सहजता यांसाठी ते उत्तम आहे. परंतु त्याचे वजन पुढच्या भागात अधिक येते, आणि खोल भुसभुशीत बर्फात ते वजन यंत्राला तरंगू देण्याऐवजी खाली रुतवते.

चौथे विधान उंचीचे. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटरवर हवेची घनता सुमारे तीन चतुर्थांश उरते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात घटते. १६५ च्या जागी १२० च्या आसपास उरतात. येथवर दावा बरोबर आहे. पण विरळ हवा इंजिनाची शक्ती कमी करते तशी समोरचा रोधही त्याच प्रमाणात कमी करते, त्यामुळे उंचावरच्या सपाट, घट्ट बर्फावर कमाल वेगाला बसणारा फटका अपेक्षेपेक्षा बराच लहान असतो. चढावर मात्र वजन तेवढेच राहते आणि शक्तीतली घट पूर्णपणे जाणवते. दोन्ही ठिकाणी ‘सारखे मंदावणे’ म्हणूनच घडत नाही. शिवाय शक्ती घटली की जुनी वजने इंजिनाला योग्य फेऱ्यांच्या खाली ओढतात, आणि त्यावरचा उपाय म्हणजे क्लचमध्ये हलकी वजने बसवणे, जो टर्बोच्या मानाने अगदीच किरकोळ खर्चाचा आहे.

थंडीचेही असेच आहे. उणे २० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के दाट असते. इंजिनाला ती मानवते आणि यंत्र झपाट्याने वेग घेते, पण कमाल वेगावर तोच दाटपणा समोरून उभा राहतो. कडाक्याच्या थंडीत स्कीखालचा पाण्याचा सूक्ष्म थर नीट तयार होत नाही आणि घसरण्याचे घर्षणही वाढते.

टर्बो हा चांगला उपाय आहे यात वाद नाही. स्की-डूने २०२० च्या मॉडेलांत कारखान्यातूनच टर्बो बसवलेले पहिले टू-स्ट्रोक स्नोमोबाईल इंजिन आणले, आणि त्याचा हेतू ८,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २,४०० मीटरपर्यंत, समुद्रसपाटीवरचीच १६५ अश्वशक्ती टिकवणे हा होता. टू-स्ट्रोकला टर्बो जोडणे इतकी वर्षे अवघड ठरले, कारण दोन्ही पोर्ट काही काळ एकाच वेळी उघडे असतात आणि दाबून भरलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये निघून जाऊ पाहते. परंतु अश्वशक्ती टिकली तरी ती बर्फाला पकडून वापरायची कशी हा प्रश्न उरतोच. यंत्र, चालक आणि सामान मिळून ३३० किलोग्रॅम वजन ३० अंशांच्या चढावर ताशी ३६ किलोमीटरने वर न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केवळ २२ अश्वशक्ती लागतात. मग दीडशे अश्वशक्ती कोठे जाते? क्लच आणि बेल्टच्या उष्णतेत, ट्रॅकच्या स्वतःच्या फिरण्यात, आणि सर्वांत जास्त म्हणजे ट्रॅक घसरत मागे फेकत असलेल्या बर्फात. पाय टेकायला घट्ट जमीन नसल्यामुळे ट्रॅकला बर्फ मागे ढकलूनच पुढे जावे लागते. म्हणून डोंगरी यंत्रांना १६५ इंच लांब आणि ३ इंच उंच पॅडलांचा (बर्फ ढकलणाऱ्या रबरी कंगोऱ्यांचा) ट्रॅक देतात, आणि घट्ट वाटेवरच्या यंत्रांना १३७ इंच किंवा त्याहून आखूड व सव्वा इंचाच्या आसपास पॅडलांचा. डोंगरी ट्रॅक घट्ट वाटेवर आणला तर तीच पॅडले निष्कारण शक्ती खातात. आणि मागे उडणारा बर्फाचा भुसा नसल्यामुळे, बर्फाच्या स्पर्शानेच थंड होणारे रेडिएटर आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तापू लागतात.

आता वायुगतिकीचा उरलेला भाग. वर दिलेल्या चढावर, त्या उंचीच्या हवेत, वाऱ्याचा रोध जेमतेम अर्धी अश्वशक्ती घेतो, आणि तेथे रोधासाठी आकार घडवण्यात अर्थ नाही हे मी मान्य करतो. तरीही डोंगरी यंत्राच्या बॉनेटचा आकार आणि त्यावरच्या हवेच्या जाळ्यांची जागा फार विचारपूर्वक ठरवलेली असते. पुढच्या स्कींनी उडवलेला बर्फाचा भुसा वरच्या प्रवाहाबरोबर त्या जाळ्यांवर येऊन बसतो; जाळ्या भरल्या की आत जाणारी हवा तुटते, आणि टर्बो असो वा नसो, इंजिन गुदमरते. तेव्हा चालकाला उतरून हाताने जाळ्या साफ कराव्या लागतात, आणि तोवर त्याच्या १६५ अश्वशक्ती उतारावर उभ्या असतात.