रिबचा मोमेंट २७ ऐवजी ५.६५ का दिसतो?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे मॉडेलमध्ये रिबला (स्लॅबखालच्या बारीक तुळईला) स्लॅबखाली ऑफसेट दिला, म्हणजे तिची मध्यरेषा खाली सरकवली. हाताने मोमेंट (वाकवणारा परिणाम) २७ किलोन्यूटन-मीटर येतो, सॉफ्टवेअर ५.६५ दाखवतं. यावरून कुणी लागणारं स्टील ठरवलं तर स्लॅब खाली येईल. ऑफसेट काढला की आकडा २५च्या पुढे जातो, तेच बरोबर."

तुमचा राग रास्त आहे. मॉडेल कसं करायचं ते लिहिलं, निकाल कसा वाचायचा ते राहिलं. ही चूक माझी, आणि ती गंभीर आहे. पण ऑफसेट काढू नका.

तुमचीच मापं घेऊ. सिंपली सपोर्टेड ६ मीटरचा स्पॅन, ७५० मिमीवर रिब, रुंदी १२५, वरचा स्लॅब ७५, एकूण खोली ३००, दर रिबवर सेल्फ वेटसकट ६ किलोन्यूटन प्रति मीटर. ऑफसेट दिला की रिब आणि स्लॅब मिळून टी-सेक्शनसारखे, म्हणजे T आकाराच्या एकाच तुळईसारखे, वाकतात: रिब ताणली जाते, स्लॅब दाबला जातो. रिबचा अ‍ॅक्सियल फोर्स (लांबीच्या दिशेचं बल) उघडून बघा, मध्यावर साधारण १३४ किलोन्यूटन ताण असेल. दोघांच्या सेंट्रॉइडमधलं (छेदाच्या मध्यबिंदूंमधलं) अंतर १५० मिमी, म्हणजे २०.०९ किलोन्यूटन-मीटर. त्यात रिबचे ५.६५ आणि ७५० मिमीच्या स्लॅबपट्टीचे १.२६ मिळवा. झाले २७. मेशमुळे (सॉफ्टवेअर स्लॅबचे जे छोटे तुकडे पाडतं त्यामुळे) थोडं इकडेतिकडे होईल, पण स्टील ठरवायचं ते या बेरजेवरून, पूर्ण टी-सेक्शनसाठी.

ऑफसेट काढून १२५ बाय ३००ची रिब स्लॅबच्याच पातळीवर ठेवली की बहुतेक मोमेंट एकट्या रिबमध्ये दिसतो, म्हणून आकडा ओळखीचा वाटतो. पण टी-सेक्शनचा इनर्शिया (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) त्या मॉडेलच्या जवळजवळ १.८४ पट असतो. तेवढंच डिफ्लेक्शन (खाली झुकणं) फुगतं, आणि मग माणूस विनाकारण खोली वाढवत बसतो. शिवाय वरचे ७५ मिमी स्लॅबमध्येही मोजले जातात आणि रिबमध्येही, त्यामुळे सेल्फ वेट ११ टक्क्यांनी वाढतं. ऑफसेट देताना म्हणूनच रिब २२५ खोलीचीच घ्या.

एक तपासणी मात्र चुकवू नका. रिबमधला ताण आणि तिच्या पट्टीतला स्लॅबचा दाब जवळजवळ सारखे यायला हवेत. तसे आले नाहीत तर बहुधा रिबची दोन्ही टोकं आडव्या दिशेने अडकलेली असतात. एक मोकळं सोडा. मजल्याला रिजिड डायफ्रॅम (मजला आडव्या प्रतलात पूर्ण ताठ धरणारी अट) लावला असेल तर तोही काढा, कारण त्यात स्लॅबला स्वतःच्या प्रतलात आखडताच येत नाही आणि वरचा हिशेब जुळत नाही.