प्लगइन जबरदस्तीनं बंद करण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चालू प्रोग्रॅममधून प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेलं पूरक मॉड्यूल, कसं उतरवायचं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलंत. अंबडच्या कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळता, त्यामुळे तुमच्या रागाला कारण आहे. तुमचं म्हणणं असं: मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये (प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याच्या व्यवस्थेत) 'अ‍ॅपडोमेन अनलोड' या एका ओळीत काम भागायचं (अ‍ॅपडोमेन म्हणजे चालू प्रोग्रॅममधला वेगळा कप्पा), मायक्रोसॉफ्टनं नव्या डॉटनेटमध्ये ती सोय काढून घेतली आणि मी त्या निर्णयाचीच भलामण करतोय. काटा अडकलेला असताना मॉड्यूलला 'कृपया बंद हो' अशी विनंती करत कोण बसणार?

पण काटा अडकलेला असतानाच ती ओळ दगा द्यायची. अनलोड म्हटलं की त्या डोमेनमध्ये शिरलेल्या प्रत्येक थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) थ्रेडअबॉर्टएक्सेप्शन, म्हणजे तो थ्रेड तोडणारी चूक, टाकलं जायचं. थ्रेड नेटिव्ह कोडमध्ये, म्हणजे डॉटनेटच्या ताब्याबाहेरच्या कोडमध्ये, असेल तर मात्र तो तिथून परत येईपर्यंत अबॉर्ट लागू होत नसे. तुम्हीच लिहिलंय की काट्याशी बोलायला उत्पादकाची सी भाषेतली डीएलएल (तयार फंक्शनांची फाइल) आहे. केबल निघाली, डीएलएलचं वाचन-फंक्शन वजनाची वाट बघत बसलं, की थ्रेड परत येणारच नाही. अनलोड थोडा वेळ थांबतं आणि कॅनॉटअनलोडअ‍ॅपडोमेनएक्सेप्शन तुमच्याच अंगावर येतं. फायनली ब्लॉकमध्ये (शेवटची आवराआवर करणाऱ्या कोडमध्ये) अडकलेल्या थ्रेडचीही तीच गत.

बरं, डोमेनांमधली भिंत तरी पक्की होती का? डॉटनेट २.० पासून, म्हणजे २००५ पासून, कुठल्याही डोमेनमधल्या थ्रेडवर न पकडलेलं एक्सेप्शन आलं की अख्खी प्रोसेस, म्हणजे पूर्ण चालू प्रोग्रॅम, बंद पडते. स्टॅक ओव्हरफ्लो झाला (फंक्शनांच्या हाकांसाठीची मेमरी संपली) तरी तेच.

आणि अबॉर्ट यशस्वी झाला तर? मला खरी भीती त्याचीच वाटते. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये पेटीचं लेबल छापून झालंय, वजनाची नोंद फाइलमध्ये जातेय, आणि नेमका तेव्हा थ्रेड तोडला. पेटी पुढे गेली, नोंद अर्धवट राहिली. डोमेन साफ झालं तरी ती फाइल दुरुस्त होत नाही. जावावाल्यांनी याच कारणानं 'थ्रेड स्टॉप' १९९८ मध्येच टाळायला सांगितलं, आणि २०२३ च्या जावा २० मध्ये ते हाक मारताच एक्सेप्शन देऊ लागलं.

आता नव्या पद्धतीकडे. डॉटनेट कोअर ३.० मध्ये, २०१९ साली, उतरवता येणारा असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट (प्लगइनचा कोड लोड करायचा कप्पा) आला. त्याचं अनलोड फक्त सुरुवात करून देतं. आतला एकही थ्रेड चालू नसेल आणि बाहेरून एकही रेफरन्स (आतल्या गोष्टीला धरून ठेवणारा दुवा) उरला नसेल, तेव्हाच गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) तो उचलतो. काही उरलं तर कसलीही तक्रार न करता तो मेमरीत पडून राहतो. या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे: इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी मौन बरोबर नाही. म्हणून तपासणी आपणच ठेवायची. कॉन्टेक्स्टला वीकरेफरन्स (धरून न ठेवणारा दुवा) लावा, लोड आणि अनलोड इनलाइन न होणाऱ्या (कंपायलर दुसऱ्या मेथडमध्ये मिसळणार नाही अशा) वेगळ्या मेथडमध्ये ठेवा, मग कलेक्शन काही वेळा चालवून तो गेला का ते बघा. ही चाचणी रिलीज बिल्डवर करा, डीबगमध्ये लोकल व्हेरिएबल्स जास्त वेळ जिवंत राहतात. तुमची मेमरी दर री-लोडला वाढते म्हणालात, तर आधी मुख्य प्रोग्रॅमच्या स्टॅटिक इव्हेंटला जोडलेले हँडलर (घटना घडली की चालणारी प्लगइनची फंक्शनं) शोधा. प्लगइन जाताना ते सोडवायचं बहुतेक जण विसरतात.

जबरदस्ती कधीच नको, असं मी म्हणत नाही. एर्लँग या भाषेत प्रोसेस बेधडक मारतात, कारण प्रत्येकीचा हीप (डेटाची मेमरी) स्वतंत्र असतो. एक मेली म्हणून दुसरीचा डेटा अर्धवट राहत नाही. आपल्याकडे तेवढी विभागणी ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेसच देते. काट्याची डीएलएल वेगळ्या छोट्या एक्झीमध्ये टाका, वजनं नेम्ड पाइपवरून (दोन प्रोसेसमधल्या संदेशवाहिनीवरून) घ्या, फाइलमधली नोंद मात्र मुख्य प्रोग्रॅमकडेच ठेवा. अडकली तर प्रोसेस किल करा. तिची हँडल्स (उघडलेल्या फाइल, पोर्ट वगैरे) विंडोज स्वतः बंद करतं, आणि तुम्हाला हवी असलेली एक ओळ इथे खरोखर चालते.

त्या डीएलएलच्या वाचन-फंक्शनला टाइमआउटचा पॅरामीटर आहे का, तेवढं कळवा. असेल तर वेगळी प्रोसेस न करताही निभावेल: अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट द्या आणि प्रत्येक फेरीला कॅन्सलेशन टोकन (थांबायचा इशारा) तपासा.