काकांची जीप डबवालीला पाठवण्याआधी : विलिसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

विलिस, म्हणजे महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप, तिच्यावरच्या माझ्या लेखावर सविस्तर लिहिलंत, आवडलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की गंजका पत्रा आणि जुनी वायर सांभाळत बसणं म्हणजे पैसा पाण्यात, हरियाणातल्या डबवालीहून नवी बॉडी येते, चॅसी म्हणजे खालची लोखंडी फ्रेमसुद्धा नवी बनवून मिळते, वायरिंग 6 ऐवजी 12 व्होल्टची करा, डिझेल इंजिन टाका आणि गाडी रस्त्यावर काढा. आणि काकांची महायुद्धातली जीप तुम्ही अशीच करून घेणार आहात. हे शेवटचं वाक्य वाचलं नि राहवलं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

डबवालीच्या कारागिरांशी माझं भांडण नाही, हात चांगलाय त्यांचा. पण चॅसीच बदलली तर काकांची जीप उरली कुठे? 1941 ते 45 मधे विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, दिसायला सारख्याच, आणि कुठली कोणाची हे कळतं ते फ्रेमवरून. पुढे रेडिएटरखाली वाका, फ्रेमचा आडवा मेंबर, म्हणजे दांडा, गोल पाइपचा असेल तर विलिस, पत्रा वाकवून उलट्या यूसारखा केलेला असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरही एफ ठोकलाय. ही ओळख भंगारात घालून वर हिरवा रंग मारला तर ती कुठलीही जीप झाली.

आता फ्रेम वाकडी असेल तर? सरळ करता येते हो. बॉडी उतरवायची, फ्रेम स्टँडवर लेव्हलमधे ठेवायची आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने खुणा करायच्या, मग फ्रेम बाजूला सारून त्या खुणांचे कर्ण टेपने मोजायचे. दोन कर्ण जुळले नाहीत की फ्रेम तिरकी झालीये, हे गवंडीसुद्धा सांगेल. चीर बहुतेक स्प्रिंग फ्रेमला टांगलेली असते त्या हँगरपाशी सापडते, ती आधी रंग काढून, शेवटापर्यंत शोधून, टोकाला ड्रिलने भोक पाडून मगच वेल्ड करायची. आणि वरून पट्टी लावायचीच असेल तर तिची टोकं तिरकी कापा, सरळ आडवी कापली की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तिथूनच नवी चीर जाते.

बॉडीचं म्हणाल तर वरचा पत्रा बघून निकाल देऊ नका. खरं दुखणं फ्लोअरच्या खाली असतं. तिथे टोपीच्या आकाराचे लांब चॅनेल आहेत आणि त्यांच्या आत चक्क लाकूड भरलेलं आहे, कंपनीनेच. ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि चॅनेल आतून खातं, बाहेरून रंग छान दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. हे चॅनेल नवे बनवून लावा, लाकूडही नवं घाला पण आधी चांगलं सील करून, त्याला माझी ना नाही. सडलेला भाग कापून तेवढाच नवा पत्रा जोडायचा. लांबी (पुट्टी) भरून झाकलंत तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतील.

वायरिंगवर तुम्ही म्हणता 6 व्होल्टमुळे लाइट मिणमिणते. दादा, 30 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो, 6 वर पाच. म्हणजे वायर जाड हवी आणि अर्थिंग एकदम स्वच्छ हवं. होतं काय, गाडी नवीन रंगवतात, वायरच्या टोकाच्या लगखाली पण रंग, मग अर्थ मिळत नाही आणि दोष बिचाऱ्या 6 व्होल्टला. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, स्टार वॉशर टाका, घट्ट आवळा, वरून ग्रीस. बॅटरीची केबलही आजच्या कारची बारकी चालणार नाही, जाडच घ्या. आणि हेडलाइटच्या वायरला थोडी ढील ठेवायला सांगा, कारण विंगनट (हाताने फिरवायचा कानवाला नट) सैल करून ती लाइट उलटी फिरवता येते, रात्री इंजिनवर उजेड पाडायला. मला या गाडीतली ही सगळ्यात आवडती गोष्ट, आणि वायर ताणून बांधली की ती कायमची जाते.

अजून एक, कागदांचं. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनमधे मोठा बदल केलेला नको अशी अट आहे. नवी चॅसी आणि डिझेल इंजिन टाकून तो रस्ता तुम्ही स्वतःच बंद करताय. बरं, या नंबरवर रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच, त्यामुळे रोज ऑफिसला जीप हवी असेल तर सरळ एखादी महिंद्रा घ्या आणि तिचं हवं ते करा.

तेव्हा ट्रक बोलवण्याआधी एवढं करा, पुढच्या मेंबरचा, फ्रेमच्या डाव्या रेलवरच्या (लांब दांड्यावरच्या) नंबरचा आणि फ्लोअरखालच्या चॅनेलचा फोटो काढून मला पाठवा. काय वाचेल, काय बदलावं लागेल, मी बघून सांगतो. आणि जुना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काढलात तर कापू नका, प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून गुंडाळून ठेवा, नव्याचं माप त्यावरूनच घ्यायचंय.