ज्याची खावी पोळी: लहान देशाच्या यजमानांसाठी काही सूचना

आपला देश लहान असेल, लोकसंख्या एक कोटीच्या आसपास असेल, निवडणुका वेळच्या वेळी होत असतील आणि वृत्तपत्रे मनाला येईल ते छापत असतील, तर एखाद्या बड्या राष्ट्राची कृपादृष्टी आपल्याकडे कधी ना कधी वळणारच. अशा वेळी गडबडून जाऊ नये. विकले जाणे फार अवघड असते, त्यासाठी फितुरी, गुप्तहेर आणि मध्यरात्रीच्या भेटी लागतात, असा एक जुना गैरसमज आहे. चेक प्रजासत्ताकाने गेल्या दशकात चीनचा जो पाहुणचार केला, तो नीट पाहिला तर हे काम भरदिवसा, पावती फाडून आणि फोटो काढून होऊ शकते, हे आपल्या लक्षात येईल.

सुरुवात घरातल्या कर्त्या माणसापासून करावी. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी सत्तेवर येताच, 1990 साली, दलाई लामांना सन्मानाने बोलावले होते, त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष मिलोश झेमान 2014 मध्ये चिनी दूरचित्रवाणीवर म्हणाले की, समाजात स्थैर्य कसे आणावे हे शिकायला आपण आलो आहोत. शिष्यवृत्ती असावी तर अशी. पुढच्याच वर्षी त्यांनी सीईएफसी या चिनी कंपनीचे प्रमुख ये च्यानमिंग यांना आपले आर्थिक सल्लागार नेमले. सल्लागार नेमताना त्याचा पैसा कोठून येतो, हे विचारू नये. आहेराच्या पाकिटातील नोटा कोणी मांडवातच मोजत नाही.

पाहुण्याने आधी काय विकत घ्यावे, हेही ठरवू द्यावे त्यालाच. सीईएफसीने प्रागमध्ये 1892 साली स्थापन झालेला स्लाविया हा फुटबॉल क्लब घेतला आणि बिअरच्या कारखान्यांत हिस्सा घेतला. चेक माणसाचा रविवार ज्या दोन गोष्टींनी भरतो, त्या आधी हाती घेतल्या की सोमवारची चिंता उरत नाही. 2016 च्या मार्चमध्ये शी जिनपिंग आले, तेव्हा लानी येथील राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या आवारात दोघांनी मिळून गिंकोचे झाड लावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशाचे संस्कृतिमंत्री दलाई लामांना भेटले. लगोलग राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, अशा चौघांनी संयुक्त निवेदन काढून या भेटीने देशाचे धोरण बदलत नाही आणि चीनची भौगोलिक अखंडता आम्हाला मान्य आहे, असा खुलासा केला. व्याही रुसण्याआधीच त्यांचे पाय धुणारी वधूची माणसे आपण पाहिली असतीलच. चौघांनी एकदम धुतल्यास पाणीही कमी लागते.

आता वृत्तमाध्यमांकडे वळू. येथे नवशिके यजमान एक चूक हमखास करतात. ते समजतात की संपादकाला दूरध्वनी करावा लागेल, मजकूर कापावा लागेल, एखाद्या वार्ताहराला घरी बसवावे लागेल. यातले काहीही करू नये. सीईएफसीने ‘तिदेन’ हे साप्ताहिक आणि टीव्ही बारांदोव ही वाहिनी चालवणाऱ्या माध्यमसमूहात हिस्सा घेतला, एवढेच. चेक अभ्यासकांनी पुढे खरेदीपूर्वीच्या आणि खरेदीनंतरच्या बातम्या शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा चीनविषयीचा प्रतिकूल सूर खरेदीनंतर नाहीसा झाल्याचे त्यांना आढळले. आदेश दिला तर त्याचा कागद उरतो. मालकाच्या खोलीबाहेर कोणाची छत्री टेकवलेली आहे, हे येता-जाता पाहणाऱ्या उपसंपादकाला मात्र कोणी काही सांगावे लागत नाही. तो शीर्षकातील एक विशेषण स्वतःच खोडतो, मग ती बातमी आतल्या पानावर नेतो आणि काही महिन्यांनी ती सुचतच नाही. अळीमिळी गुपचिळी हा खेळ लहान मुलांनाही न शिकवता येतो. त्याच वाहिनीवर 2017 पासून राष्ट्राध्यक्षांचा साप्ताहिक कार्यक्रमही सुरू झाला आणि मुलाखत घ्यायला वाहिनीचे प्रमुख जातीने बसू लागले, हा केवळ घरगुती जिव्हाळा समजावा.

विद्यापीठाचे काम याहून नाजूक असते, कारण तेथील माणसे वाचतात. प्रागचे चार्ल्स विद्यापीठ 1348 सालचे आहे. 1939 मध्ये नाझींनी ते बंद केले, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच 17 नोव्हेंबरला, विद्यार्थ्यांच्या मोर्चापासून तेथील कम्युनिस्ट राजवटीची अखेर सुरू झाली. अशा वास्तूत धनादेश घेऊन पुढच्या दाराने शिरू नये. आधी ‘चेक-चिनी केंद्र’ असे निरुपद्रवी नाव असलेली एक पाटी लावावी. मग परिषदा भरवाव्यात. परिषद म्हणजे चहा, बिस्किटे, नावाची पट्टी, जाड कागदाचे फोल्डर आणि शेवटी सामूहिक छायाचित्र. त्यात संशय घेण्यासारखे काय आहे? खर्चाचे बिल मात्र विद्यापीठाच्या लेखाविभागाकडे जाऊ देऊ नये, कारण तेथे एखादी चष्मा लावलेली बाई असते आणि ती प्रत्येक आकड्यासमोर ‘कशासाठी?’ असे पेन्सिलीने लिहिते. केंद्राच्या मंडळींनी स्वतःची एक खासगी कंपनी काढलेली बरी. प्रागमध्ये असेच घडले आणि त्या मार्गाने चिनी दूतावासाचा पैसा परिषदांपर्यंत पोहोचला, हे 2019 च्या शरद ऋतूत चेक पत्रकारांनी छापले, तेव्हा केंद्राच्या सचिवांना जावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रालाच टाळे लागले. पत्रकारांची एक खोली आपण विकत घ्यायची विसरलो की असे होते.

करार लिहिताना भाषा सौम्य ठेवावी. त्याच सुमारास विद्यापीठाने होम क्रेडिट या कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार केला. कंपनी चेक, परंतु तिचा कर्जवाटपाचा मोठा व्यवसाय तेव्हा चीनमध्ये होता. त्यामुळे हा पाहुणा घरचाच म्हणावा लागेल. विद्यापीठाने कंपनीच्या लौकिकाला बाधा आणू नये, असे एक कलम त्यात होते. किती साधे कलम! जगातील कोणत्याही लग्नपत्रिकेत शोभावे असे. परंतु चीनवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाने उद्या कोणत्या विषयावर तोंड उघडायचे, असा कुत्सित प्रश्न प्राध्यापक आणि विद्यार्थी विचारू लागले, आणि गलका वाढताच कंपनीने स्वतःहून माघार घेतली. तेव्हा कलम लिहूच नये, असा आमचा सल्ला आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे संस्काराने येते. त्याला मुद्रांक लागत नाही.

पाहुणा अचानक दिसेनासा झाला तर काय करावे, याचीही तयारी असावी. 2018 मध्ये ये च्यानमिंग यांना चीनमध्येच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. एका सार्वभौम राष्ट्राच्या राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार हरवला, आणि तो कोठे आहे हे विचारायला राष्ट्राध्यक्षांची माणसे चीनला गेली. फुटबॉल क्लबासह उरलेला संसार चीनच्याच सिटिक या सरकारी समूहाने उचलला. यजमानांनी नवी ओळख करून घेतली. पानात वाढलेले असताना वाढप्याचा चेहरा पाहत बसू नये.

सर्वांत सांभाळावे ते महापौरांना. झ्देनेक ह्र्झीब हे गृहस्थ प्रागचे महापौर झाले आणि त्यांनी बीजिंगशी 2016 मध्ये झालेला भगिनीशहर करार चक्क वाचून काढला. दोन शहरांच्या मैत्रीत, तैवान हा चीनचाच भाग मानणाऱ्या ‘एक चीन’ या धोरणाला पाठिंबा कशाला हवा, अशी शंका काढून ते कलम वगळण्याची त्यांनी मागणी केली, आणि 2019 मध्ये करारच मोडला. पाहुणे रुसले. प्रागच्या वाद्यवृंदांचे चीनचे दौरे रद्द झाले. त्यात चार वादकांचे प्राझाक चतुष्कही सापडले, ज्याचे नाव शहरावरून नव्हे, तर प्राझाक आडनावाच्या एका चेलोवादकावरून पडलेले आहे. मानापमानाच्या वेळी इतका तपशील कोण पाहतो?

पुढे 2020 मध्ये सिनेटचे अध्यक्ष मिलोश विस्त्रचिल तैवानला गेले, तेव्हा रोष ह्रादेत्स क्रालोव्हे येथील पेत्रोफ या 1864 पासून पियानो बनवणाऱ्या कारखान्यावर निघाला. एका चिनी ग्राहकाने मागणी रद्द केली. तयार पियानो पडून राहणार, तोच एका चेक उद्योजकाच्या प्रतिष्ठानने 11 पियानो विकत घेऊन शाळांना देण्याचे ठरवले. एक सूचना पाहुण्यांच्या कानावर अदबीने घालावी: यापुढे नाराजी दाखवताना वस्तू निवडून घ्यावी, आणि जी वाजते ती शक्यतो टाळावी.