चाळीस हजार प्लेटा तर्री पोहे

मे महिन्यातली दुपार, पारा ४५ च्या आसपास आणि कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी माझी. अशात नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्या काकांचा फोन. "भाऊ, तुमचं ते चक्र अजून फिरूनच राहिलं ना बाप्पा! मी जेवून आलो."

चक्र म्हणजे माझ्या वेबपानावरचं 'थांबा' सांगणारं गोल, माझ्याच कर्तृत्वाचं. मागच्या हंगामांतल्या संत्र्याच्या चाळीस हजार नोंदी. त्यातला मृग बहार निवडायचा, क्रेटचे किलो करायचे, हलका माल गाळायचा आणि दहा सौदे वरच्या चौकटीत दाखवायचे. कोटलिन नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, ब्राउझरला कळावं म्हणून जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल, म्हणजे भाषांतर, केलेलं. फिल्टर (निवडा), मॅप (बदला), फिल्टर, टेक (हवे तितके घ्या). इतकी देखणी ओळ की मी ती बायकोला दाखवली. ती म्हणाली, "छान. पाणी टाकलं का?"

रात्री डोकं खाजवत बसलो. आपण पोह्याच्या ठेल्यावर जातो तेव्हा भाऊ एक प्लेट घेतो, पोहे, तर्री, कांदा, आणि देतो हातात. माझा कोड मात्र आधी चाळीस हजार प्लेटांत पोहे वाढत होता, मग तितक्या नव्या प्लेटा घेऊन तर्री, मग कांद्यासाठी पुन्हा नव्या. गिऱ्हाईक दहा! उरलेल्या प्लेटा उचलायला बिचारा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारा.

मग सीक्वेन्स लावली, म्हणजे कोटलिनची आळशी यादी, लागेल तेवढंच काम करणारी. आता एकेक नोंद शेवटापर्यंत जाणार, दहा झाल्या की दुकान बंद. मी खूश. सकाळी काका म्हणाले, "सगळ्यात चढा भाव वर पाहिजे." म्हणजे सॉर्ट, भावाप्रमाणे क्रम लावणं. आता कोणत्या प्लेटीत तर्री जास्त, हे सगळ्या भरल्याशिवाय कसं कळणार? आळशीपणा तिथेच संपला. त्यातून सीक्वेन्सला दर नोंदीमागे थोडा हमालीचा खर्च असतो. छोट्या यादीला लावली तर बरेचदा साधी यादीच पुढे निघून जाते.

वजनं मी ग्रॅममध्ये, लाँग प्रकारात, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकात, ठेवली होती. जावास्क्रिप्टचा आकडा ५३ बिटांपर्यंतच पूर्णांक अचूक धरतो, म्हणून माझा कंपाइलर प्रत्येक लाँगसाठी दोन तुकड्यांची वेगळी वस्तू बनवत होता. ५३ बिटांत ग्रॅमने मोजूनही नऊशे कोटी टन संत्री मावतात. तेवढी कळमन्यात आली तर कोडाची काळजी कोण करेल? साधे डबल, म्हणजे जावास्क्रिप्टचे नेहमीचे आकडे, केले.

वेळ मोजायला बसलो तर तिसरंच. पहिल्यांदा बटण दाबलं की कोड रखडत चाले, पाचव्यांदा सुसाट. ब्राउझरचं इंजिन वारंवार लागणारा कोडच नंतर पक्का कंपाइल करतं. मी पाचवा आकडा पाहून खूश होत होतो. काका बटण एकदाच दाबतात. शिवाय इतके दिवस मी कोड लिहिताना वापरायची, न आटवलेली जाडजूड आवृत्तीच मोजत होतो, हे बायकोला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती चढवून कळमन्याला गेलो. काकांनी बटण दाबलं. चक्र फिरलं. फिरलं. फिरतच राहिलं.

"भाऊ, हे दहाच्या खाली लंबी यादी कायले देऊन राहिले तुम्ही?"

खाली मी बहाराच्या सगळ्या नोंदींचा तक्ता काढत होतो, एकूण एक ओळ, ब्राउझरकडून. हिशेब केव्हाच झाला होता. वेळ सगळा त्या ओळी मांडण्यात जात होता.

"ते... सोयीसाठी," मी म्हणालो.

"कोणाच्या?" काकांनी चहा मागवला.